बुरशीलाही वजन असतं

सासूबाई कितीही म्हणाल्या तरी तो हिरवट पडलेला मका दळायला टाकू नकोस. ढोरांनाही घालू नकोस. घरात वाद झालाच तर माझं नाव पुढे कर. म्हणावं, मोठ्या बहिणीनं शपथ घातलीय. लेकीला माहेर असतं ते अशाच वेळी नाव घ्यायला.

नरडाण्याकडे कपाशीच्या जोडीनं मका घेतात, ते मला कळतं. दोंडाईच्याला मक्याचा स्टार्च करणारा कारखाना आहे, व्यापारी दारात येतो, पैसा लवकर हातात पडतो. पण परतीचा पाऊस नेमका कापणीवर उतरतो. कापलेली कणसं वावरात पडलेली, वरून पानांचं आवरण, आत ओल आणि त्यावर ऑक्टोबरचं ऊन! बुरशीला आणखी काय हवं? ती हिरवी-पिवळी भुकटी दिसते ना, ती बहुतेक वेळा अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी असते आणि ती अफ्लाटॉक्सिन हे विष सोडते. धुवून, ऊन देऊन, भाकरी खरपूस भाजून बुरशी मरेल, विष मात्र बरंचसं तसंच राहतं. ‘आम्ही नाही का खाल्लं असलंच?’ असं सासूबाई म्हणतील. खाल्लंही असेल. यकृत काही लगेच ओरडत नाही, आणि याच विषाची गणना कॅन्सर घडवणाऱ्या सिद्ध कारणांत होते.

कधी कधी ते ओरडतंही. १९७४च्या पावसाळ्याच्या शेवटी असाच अवेळी पाऊस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पडला. नर्मदा ओलांडली की तो मुलूख लागतो. लोकही आपल्या शिरपूर-धडगावकडच्यांसारखेच, भिल्ल, मक्याच्या भाकरीवर जगणारे. भिजलेला मका टाकून दुसरं धान्य आणायची ऐपत नव्हती. कावीळ झाली, पोटात पाणी भरलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी तपासलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. गावातली कुत्रीही मेली, कारण त्यांच्यापुढे तीच भाकर पडत होती. १९९५ साली दख्खनच्या पठारावर २७ गावांत भिजलेल्या ज्वारी-मक्यानं पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली. तिथली बुरशी वेगळी, विषही वेगळं. पण पुन्हा तेच, चांगलं धान्य परवडलं ते वाचले. म्हणून मला सासूबाईंचा राग येत नाही गं. दाणा फेकायचा नाही, हे त्यांना गरिबीनं शिकवलंय.

म्हशीचं सांगते. बुरशी लागलेला भरडा किंवा सरकीची ढेप खाल्ली की एक-दोन दिवसांत त्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध तुझी धाकटी पिते. आपल्या अन्न सुरक्षा कायद्यात धान्यासाठी किलोमागे १५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे टनभर मक्यात १५ मिलिग्रॅम, चिमूटभरसुद्धा नाही. दुधाची मर्यादा तर त्याहून कडक, अर्धा मायक्रोग्रॅम. पण हा कायदा विकल्या जाणाऱ्या मालाला. तुझ्या कोठीत डोकावायला कुणी अन्न सुरक्षा अधिकारी येणार नाही. तिथली निरीक्षक तूच.

आणि निवडायला बसतं कोण? आपण बायकाच. पदर नाकाला लावून भागत नाही. मास्क बांध, उघड्यावर बस, वाऱ्याकडे पाठ कर, दम्याचा त्रास असलेल्या तुझ्या जावेला त्या ढिगाजवळ फिरकू देऊ नकोस. नुसता वरवर डागाळलेला दाणा बाजूला काढून उरलेलं निर्धोक झालं असंही समजू नकोस. डोळ्यांना दिसत नाही तिथंही विष असतं. ज्या कणसाला भुकटी धरलीय ते अख्खं बाद. बिनभिजलेला मका वेगळा ठेव, जमिनीवर नको, ताडपत्रीवर वाळव. व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं, ओलावा १२-१३ टक्क्यांवर आल्याशिवाय पोती शिवू नकोस.

आता विम्याचं, ज्यावरून पाहुणे चिडलेत. त्यांच्या डोक्यात जुना नियम आहे. कापून वावरात वाळत टाकलेलं पीक १४ दिवसांच्या आत अवकाळीनं भिजलं तर ७२ तासांत कळवायचं, कंपनीचा माणूस पाहणी करायचा. २०२५च्या खरिपापासून राज्यानं एक रुपयाचा विमा बंद केला आणि त्यासोबत हे संरक्षणही काढून टाकलं. भरपाई आता पीक कापणी प्रयोगावर ठरते. महसूल मंडळातल्या काही शेतांत ठरलेल्या तुकड्यातलं पीक कापायचं, तोलायचं, सरासरी उंबरठा उत्पादनाखाली आली तरच पैसे. तराजूला बुरशी दिसत नाही. काळा दाणाही वजन देतो. मला विचारशील तर या योजनेची मोठी खोट हीच, आणि ती तुझ्या नवऱ्यानं कंपनीच्या माणसावर आवाज चढवल्यानं भरून निघणार नाही.

तरी कागद सोडू नकोस. विम्याची पावती, सातबारा आणि ई-पीक पाहणीत मकाच लागलाय ना, ते बघ. एकीकडे मका आणि दुसरीकडे कपाशी असेल तर अर्ज तिथंच अडकतो. धाराशिवचं ठाऊक आहे ना? २०२०च्या खरिपात सोयाबीन पावसानं गेलं, ७२ तासांत कळवलं नाही म्हणून बजाज अलियान्झनं पैसे नाकारले. शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले, २०२२मध्ये साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा आदेश झाला, कंपनी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. एकट्यानं लढायचं असेल तर तहसीलदारांच्या तक्रार समितीकडे लेखी दे, पोच घे. तिथं काही हललं नाही तर धुळ्याचा ग्राहक आयोग आहे, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

विमा वेगळा आणि सरकारी मदत वेगळी, हे पाहुण्यांना नीट समजाव. ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर पंचनाम्यावर मदत मिळते. त्यासाठी तलाठ्याला आजच अर्ज कर. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण हाक ऐकू येते ती तलाठीआप्पा म्हटल्यावरच.) भिजलेल्या कणसांचे तारीख दिसेल असे फोटो काढून ठेव.

बाद मका स्वस्तात मागायला कुणी येईल. देऊ नकोस. इथेनॉलला जातो म्हणतील. इथेनॉलमध्ये विष उतरत नाही हे खरं, पण मागे राहणाऱ्या चोथ्यात ते तिपटीच्या आसपास साठतं, आणि तो चोथा पशुखाद्यात येतो. तुझी नाही तर दुसऱ्या कुणाची म्हैस खाणार. पंचनामा झाला की खोल खड्ड्यात पुरून टाका. तोवर ढीग हलवू नकोस, फक्त शेळ्या तिथवर पोचणार नाहीत एवढं कुंपण आज संध्याकाळीच घालून घे.