गोदाकाठची हिवाळी पक्षी सहल : कुरव शोधताना मुलं काय शिकतात?



आपल्या गंगाखेडात गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, 'गंगा'च म्हणतात. संत जनाबाईंचं हे गाव नदीला इतकं चिकटून आहे, तरी पाचवीच्या वर्गात 'नदीवरचे दहा पक्षी सांगा' म्हटलं की गाडी बगळा, कावळा, खंड्या इथंच अडते. म्हणून परिसर अभ्यासाला जोडून हिवाळ्यात एक सकाळ नदीकाठी घालवावी. नुसतं 'पक्षी बघा' म्हणण्यापेक्षा एखादा दुर्मीळ पाहुणा शोधायला दिला, तर मुलं जास्त बारकाईने बघतात. आम्ही कुरव निवडला. मुलं त्याला सीगल म्हणून ओळखतात.

आधी नकाशा उघडा

मुंबई आणि गंगाखेड, दोन्ही जवळपास १९ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मधलं सरळ अंतर सुमारे ४०० किलोमीटर. मग 'समुद्रावरचा' पक्षी इथं का शोधायचा? मुलांना हा प्रश्न पडू द्या, उत्तर लगेच देऊ नका.

तपकिरी डोक्याचा कुरव समुद्रकाठी जन्मतच नाही. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी त्याची वीण होते. थंडीत ती तळी गोठू लागतात, अन्न मिळेनासं होतं, म्हणून तो भारताच्या किनाऱ्यावर आणि मोठ्या जलाशयांवर उतरतो. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात कुरव दिसतात. आपल्याच गोदावरीवरचा, वरच्या अंगाचा जायकवाडीचा नाथसागर तर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. आपल्याकडे मात्र नदीचा पट्टा लहान, त्यामुळे कुरव दिसला तर नशीब.

फसवणारा पक्षी : नदी सुरय

नदीवर पांढरा-राखाडी पक्षी उडाला की मुलं ओरडतात, "सर, कुरव!" बहुतेक वेळा तो नदी सुरय असतो. फरक फळ्यावर आधीच लिहून ठेवा :

• शेपटी : सुरयची खोल दुभंगलेली, कुरवाची पंख्यासारखी.
• चोच : सुरयची पिवळी, टोकदार, तपकिरी डोक्याच्या कुरवाची लाल, जाड, टोकाला काळसर.
• सवय : सुरय चोच खाली करून उडतो आणि पाण्यात सूर मारतो, कुरव बदकासारखा निवांत पाण्यावर तरंगतो.
• डोकं : हिवाळ्यात कुरवाचं डोकं तपकिरी नसतं! पांढऱ्या डोक्यावर डोळ्यामागे फक्त गडद ठिपका उरतो. नावावर विसंबून शोधलं तर समोरचा पक्षीही सुटतो.

वहीत काय लिहायचं?

खरी परीक्षा इथं आहे. एकाने 'कुरव दिसला' लिहिलं की शेजारच्या चार वह्यांत तेच उतरतं. अशा वेळी रागवू नका. एवढंच विचारा : शेपटी कशी होती? चोचीचा रंग? कुठं बसला होता? उत्तर आलं नाही तर 'पांढरा पक्षी, ओळख पटली नाही' असं लिहायला सांगा. शेवटी दिनांक, वेळ, ठिकाण, आणि 'कुरव दिसला नाही'. ही नोंदही पूर्ण मार्कांची.

काही पालक म्हणतात, "दिसलाच नाही तर सहल वाया गेली की." तसं नाही. पाच वर्षं दर हिवाळ्यात त्याच जागेवर खरी नोंद झाली, तरच कोणता पक्षी वाढला, कोणता घटला हे कळतं. खोटी नोंद एकदा घुसली की सगळी वही निरुपयोगी.

आणि त्या वहीची गरज आहे. ज्या सुरयला मुलं 'हा तर साधाच' म्हणून सोडून देतात, तो जागतिक लाल यादीत असुरक्षित गटात आहे. उन्हाळ्यात तो नदीतल्या उघड्या वाळूवर अंडी घालतो. वाळू उपसली, कुत्री फिरली, अवेळी पाणी सुटलं की घरटं गेलं. दुर्मीळ पाहुणा शोधताना घरच्या पक्ष्याची ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

सहलीची तयारी

डिसेंबर-जानेवारीतला रविवार, सकाळी सातच्या आत काठावर. १२ ते १५ मुलं, दोन पालक सोबत, एक दुर्बीण असली तरी पुरे. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. शाळेत सुरुवात करायला ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह चांगला. मारुती चितमपल्ली आणि सलीम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा.

पालकांसाठी एक काम : घरी आल्यावर "किती पक्षी दिसले?" असं विचारू नका. "कशावरून ओळखला?" असं विचारा.