खाटेशेजारची विचारपूस : आघातग्रस्त रुग्णांच्या मानसिक तपासणीविषयी

अपघात, भाजणे, मारहाण किंवा उंचावरून पडणे अशा कारणांनी दाखल झालेल्या रुग्णाचे हाड जुळले आणि टाके निघाले की उपचार संपले, असे मानण्याची रीत रुग्णालयांत रुळलेली आहे. परंतु शरीराला इजा होते त्याच क्षणी मृत्यू समोर दिसल्याचा धक्काही बसलेला असतो आणि त्याचे परिणाम पुष्कळदा रुग्ण घरी गेल्यावरच दिसू लागतात. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 या एकाच वर्षी भारतात रस्ते अपघातांत 4,43,366 माणसे जखमी झाली. अशा बहुतेकांचे मन काही आठवड्यांत आपोआप सावरते, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे; ज्यांचे सावरण्याची शक्यता कमी आहे त्यांना वेळेत ओळखणे, एवढाच स्क्रीनिंगचा, म्हणजे मोजक्या प्रश्नांच्या आधारे जोखीम असलेले रुग्ण वेगळे काढण्याचा, हेतू असतो. ते निदान नव्हे.

भयानक प्रसंगानंतर तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दचकणे, त्याची आठवण करून देणारी ठिकाणे टाळणे ही लक्षणे तीन दिवसांपासून महिन्यापर्यंत राहिली तर त्यांना तीव्र तणाव विकार म्हणतात आणि महिना उलटूनही ती टिकून राहिली तर आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच 1980 मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात प्रथम समाविष्ट झालेला पीटीएसडी. कोणती प्रश्नावली केव्हा वापरावी हे या कालमर्यादेवरच ठरते. पीटीएसडीची सर्वपरिचित पाच प्रश्नांची चाचणी मागील महिन्याविषयी विचारते, त्यामुळे दाखल होऊन चारच दिवस झालेल्या रुग्णाला ती लागू पडत नाही. नैराश्यासाठीची पीएचक्यू-9 ही प्रश्नावली झोप, भूक, थकवा आणि हालचालींचा मंदपणा यांबद्दल विचारते, आणि पायाला वजन लावून पडलेल्या माणसात या चारही गोष्टी केवळ दुखापतीमुळे आढळू शकतात. जखमी रुग्णांसाठीच अमेरिकेत तयार झालेली नऊ प्रश्नांची आयटीएसएस ही प्रश्नावली या दृष्टीने अधिक उपयोगी आहे, कारण इजेच्या वेळी आपण मरणार असे वाटले का, हे कोणी मुद्दाम केले असे वाटते का, त्यानंतर जवळच्या माणसांपासून तुटल्यासारखे वाटते का, असे प्रश्न खाटेवरच्या रुग्णालाही विचारता येतात. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या 2022 च्या मानकांनी मोठ्या ट्रॉमा केंद्रांना अशा तपासणीची व्यवस्था बंधनकारक केली आहे.

व्यवस्था असूनही काय निसटते, हे प्रस्तुत लेखिकेने मनोविकार सामाजिक कार्यकर्ती म्हणून एका अस्थिरोग वॉर्डात पाहिलेल्या उदाहरणावरून कळते. दुचाकीच्या अपघातात मांडीचे हाड मोडलेल्या तरुणाला, मागे बसलेला धाकटा भाऊ दगावल्याचे नातेवाइकांनी सांगितले नव्हते. ‘तो मोठ्या दवाखान्यात आहे, तू आधी बरा हो’ एवढेच त्याला ऐकवले जाई. प्रश्नावली भरताना मामा खाटेला टेकून उभे होते आणि ‘तसलं काही नाही, आमचा गडी घट्ट आहे’ असे म्हणत काही प्रश्नांची उत्तरे त्यांनीच देऊन टाकली; गुण कमी भरले आणि केसपेपरवर ‘जोखीम नाही’ असा शेरा पडला. रात्रपाळीच्या सिस्टरांच्या रिपोर्टबुकात मात्र हा पेशंट पहाटेपर्यंत जागा असतो, दिवा मालवू देत नाही आणि स्ट्रेचरचा खडखडाट झाला की खाटेची दांडी घट्ट धरतो, अशी नोंद होती. ती वेदनेची खूण समजून वेदनाशामकाचा डोस वाढवला गेला. भावाची बातमी त्याला घरी पोहोचल्यावर, अंगणात जमलेल्या माणसांवरून कळली. फॉलोअपच्या तारखेला तो आला नाही, आणि पुढे आई घेऊन आली तेव्हा त्याने रस्त्यावर जाणे सोडलेले होते व दारूशिवाय त्याला झोप लागत नव्हती.

अशा तपासणीत एकांत मिळवणे हेच सर्वांत कठीण काम असते, कारण सार्वजनिक वॉर्डात दोन खाटांमध्ये पडदाही नसतो. तरीही प्लास्टर रूम किंवा ड्रेसिंगची खोली रिकामी असताना, अथवा नातेवाईक जेवायला गेलेले असताना, दहा मिनिटे काढता येतात. जळीत वॉर्डातील स्त्रीच्या बाबतीत याला पर्याय नाही, कारण उशाशी बसलेल्या सासरच्या माणसांसमोर ती स्टोव्हचा भडका उडाला असेच सांगत राहते. पोलिसांचा जबाब नुकताच झालेला असेल तर विचारणारी व्यक्ती पोलिसांची नाही, हे आधी सांगावे लागते. मात्र सर्व काही गुप्त राहील असे वचन देऊ नये, कारण जीव देण्याचे विचार समोर आले तर ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवणे भाग असते. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची चिडचिड आणि विसराळूपणा मेंदूच्या इजेमुळेही असू शकतो, म्हणून तेथे केवळ गुणांवर विसंबून चालत नाही. आणि सोबतचे कोणी दगावले आहे का, रुग्णाला ते ठाऊक आहे का, याची चौकशी प्रश्नावली हाती घेण्यापूर्वी बाहेर, नातेवाइकांपाशी करावी. लपवलेली बातमी कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोबतीने सांगायची हे डिस्चार्जच्या आधी ठरले नाही, तर ते काम गावातला पहिला भेटणारा माणूस करतो.

जोखीम आढळल्यावर घाईने झोपेच्या गोळ्या सुरू करणे किंवा रुग्णाला एकाच बैठकीत सारा प्रसंग पुन्हा सांगायला लावणे, हे दोन्ही टाळले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शक सूचनांनी पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी बेंझोडायझेपिन गटाची औषधे न देण्याविषयी बजावले आहे. रुग्णाला खरी गरज असते ती पुढच्या भेटीची. मानसोपचार ओपीडीचा दिवस वेगळा असला की मजुरी बुडते आणि रुग्ण येत नाही, त्यामुळे ती तारीख अस्थिरोग ओपीडीच्याच दिवशी, त्याच चिठ्ठीवर लिहावी आणि खाली टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा निःशुल्क क्रमांक द्यावा. सहाव्या आठवड्याला रुग्ण एक्स-रेसाठी येतो तेव्हा महिना उलटून गेलेला असतो, म्हणजे पाच प्रश्नांची ती चाचणी आता लागू पडते, आणि एक्स-रेच्या रांगेत थांबलेल्या वेळात ती सहज होते. सोबतच्या नातेवाइकाला मात्र तेवढ्यापुरते औषधांच्या खिडकीवर पाठवावे लागते.