पाट, कालवा आणि एक निवांत दिवस

(द्वितीय वर्ष, कला)

पुस्तकात ज्याला कालवा म्हणतात त्याला आमच्या निफाड तालुक्यात पाट म्हणतात. पाट म्हटला की आमच्या घरी निवांतपणा आठवत नाही, आठवते ती पाण्याची पाळी. पाळी रात्रीची आली की वडील, म्हणजे आमचे नाना, खांद्यावर फावडे आणि हातात बॅटरी घेऊन निघतात. आई मागून भाकरी बांधून नेते. नाना चारीचे पाणी वळवतात आणि आई वाफ्यांना बारे देते. सकाळी दोघांचेही पाय चिखलाने पांढरे पडलेले असतात.

त्यामुळे भूगोलाचा जलवाहतुकीचा पाठ चालू असताना ग्रंथालयातील एका पुस्तकात इंग्लंडच्या कालव्याचे चित्र पाहिले, तेव्हा मला नवल वाटले. पाटावर एक लांबट रंगीत होडी, छपरावर फुलांच्या कुंड्या, आणि आईवडील व मुले चहा पीत बसलेली! आपल्या पाटावर अशी होडी का नाही? या साध्या प्रश्नाचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

कोळशासाठी खणलेली वाट

इंग्लंडचे कालवे सहलीसाठी खणलेले नाहीत. वर्स्ली येथील खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी बांधलेला ब्रिजवॉटर कालवा 1761 साली सुरू झाला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा अभियंता. खाचखळग्यांच्या रस्त्यावरून गाडीने जाणारा माल आता पाण्यावरून जाऊ लागला. काठावरून चालणारा एक घोडा दोराने कित्येक टनांची होडी ओढू शके. मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव उतरला आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर कालव्यांचे जाळे पसरले.

जमीन चढउताराची असेल तेथे 'लॉक' बांधतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद होय. होडी खालून आली की ती हौदात घेऊन मागचा दरवाजा लावतात आणि वरचे पाणी आत सोडतात. हौद भरेल तशी होडी वर येते. उतरताना हीच क्रिया उलट होते. अनेक लॉक जेमतेम सात फूट रुंदीचे बांधले गेले, म्हणून होडीही तेवढीच अरुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. यावरूनच तिला 'नॅरोबोट' हे नाव मिळाले.

होडीतला संसार

मँचेस्टर-लिव्हरपूल रेल्वे 1830 साली सुरू झाली आणि हळूहळू कालव्यांचे भाडे उतरले. काठावरचे घर परवडेना, म्हणून अनेक नावाड्यांनी बायकामुलांना होडीवरच आणले. सारी होडी मालाची. राहायला मागच्या बाजूला सुमारे दहा फूट लांब व सात फूट रुंद अशी एकच खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच अंथरूण. बाई सुकाणू धरी आणि मूल घोड्यामागे चाले. होडी आज या गावी तर उद्या त्या गावी. मग मुलांनी शाळेत जायचे केव्हा? बहुतेक मुले निरक्षरच राहिली. जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थाने यावर आवाज उठवला आणि 1877 व 1884 साली या होड्यांसाठी कायदे झाले. तरीही चालत्या घरातील मुलांना शाळा मिळणे कठीणच होते.

हे वाचताना मला नाना आठवले. पाण्याच्या पाळीला घरात माणूस कमी पडते, म्हणून त्यांची शाळा चौथीत सुटली. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले आजही बैलगाडीबरोबर गाव बदलतात. इंग्लंडची होडी मला तेव्हा परकी वाटेनाशी झाली.

पुढे 1944 साली एल. टी. सी. रोल्ट यांचे 'नॅरो बोट' हे पुस्तक निघाले आणि 1946 साली कालवे वाचवण्यासाठी संस्था स्थापन झाली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही बहुतांशी संपली. आज त्याच होड्या कुटुंबे सहलीसाठी भाड्याने घेतात. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. काठावरून झपझप चालणारा माणूस पुढे निघून जातो. लॉक आला की मुले उतरून दरवाजे ढकलतात. एके काळी ज्या कामाने जीव दमे, तेच आता गंमत झाले आहे.

आपल्या पाटावर होडी का नाही?

इंग्लंडात कालवा आधी आला, रेल्वे नंतर. आपल्याकडे क्रम उलटा. कसाऱ्याचा घाट चढून रेल्वे 1865 मध्येच इगतपुरीला आली. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा मात्र विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. त्याचे डावा व उजवा हे कालवे निघाले तेव्हा मालासाठी आगगाडी तयार होती; कालव्याकडे पाणी देण्याचे एकच काम उरले. त्यातही आपल्या पाटाला बारमाही पाणी नसते, ते आवर्तनाने सुटते.

गंमत अशी की, जिला आम्ही गंगा म्हणतो त्या आमच्या गोदावरीच्याच दुसऱ्या टोकाला होड्या चालल्या. आंध्रात दौलेश्वरम येथे सर आर्थर कॉटन यांनी बांधलेला बंधारा 1852 साली पुरा झाला. त्याचे कालवे शेतीला पाणी देत आणि होड्याही वाहत. रेल्वेपेक्षा असे कालवे देशाला स्वस्त पडतील, असे कॉटन आग्रहाने सांगत. पण तो सपाट, पाणथळ मुलूख. आपला दख्खन उताराचा आणि तहानलेला.

हे सारे मी घरी सांगितले तेव्हा आईने विचारले, "होडीत चूल होती म्हणतेस, मग बाईला सुट्टी कुठली गं?" नाना म्हणाले, "त्या हौदाला पाणी किती लागतं?" मी हिशेब मांडला. बावीस मीटर लांब, 2.1 मीटर रुंद आणि दोन मीटर चढ धरला, तर एका लॉकला नव्वद हजारांवर लिटर पाणी. ते वाया जात नाही, खालच्या टप्प्यात जाते. पण वर तेवढे पुन्हा भरावे लागते. पाच सेंटिमीटरच्या पाळीने तेवढ्यात अठरा गुंठे कांदा भिजतो. नाना हसून म्हणाले, "मग आपली होडी शेतातच चालली म्हणायची."

त्यांचे म्हणणे खरे आहे. तरीही मला वाटते, निवांत दिवस ही केवळ श्रीमंतांची चैन नव्हे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे भाकरी-ठेचा बांधून नांदूर मधमेश्वरला गेलो. हे पक्षी अभयारण्य 2020 साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. नाना इतक्या वर्षांत बंधाऱ्यावर आले ते पाण्याच्या कामानेच; पाण्यावरचे पक्षी त्यांनी त्या दिवशी प्रथम पाहिले. धाकट्या भावाला ते बदके मोजायला शिकवत होते. आई काठावर पाय पाण्यात सोडून बसली होती. तिने धुवायला एकही कपडा आणला नव्हता.

संध्याकाळी पाटाच्या काठाने परतताना कोणालाच घाई नव्हती. पाट वाहतच होता. दुसऱ्या दिवशी आमची पाळी होती.