गाय खंगली की खूर दुखावतो

बोरी परिसरात ज्यांच्या गोठ्यात संकरित गाय आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाय लंगडते, तिला चारा नीट खाता येत नाही व म्हणून ती वाळते, असे आपण समजतो. ते खरे आहे. परंतु पुष्कळदा गाय आधी वाळते आणि नंतर लंगडते.

गाईच्या खुरात हाड व तळवा यांच्यामध्ये चरबीची मऊ गादी असते. चालताना बसणारा दाब ही गादी झेलते. विल्यानंतर दूध वाढते, पण खाणे त्या मानाने वाढत नाही. मग गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते. त्यावेळी खुरातील गादीही पातळ होते, हाडाचा दाब तळव्याच्या जिवंत भागावर येतो व तेथे जखम होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंगलेल्या गाईंची ही गादी पातळ आढळली. लंगडणे मात्र काही आठवड्यांनी दिसते, त्यामुळे मूळ कारण लक्षात येत नाही.

अंग कसे पाहावे?
गाईच्या मागे उभे राहून शेपटीचे मूळ, पुठ्ठ्याची हाडे व बरगड्या हाताने चाचपाव्यात. १ ते ५ गुण द्यावेत. शेपटीच्या मुळाशी खोल खळगा व उघडी हाडे असल्यास १ ते २. हाडे हाताला लागतात पण वर मांसाचा थर असल्यास ३. हाडे लागतच नसल्यास ५. विताना ३ ते ३.५ गुण असावेत व नंतर अर्ध्या गुणापेक्षा जास्त घट होऊ देऊ नये.

काय करावे?
१) विण्यापूर्वी ६० दिवस दूध आटवावे.
२) नुसत्या कडब्यावर गाय ठेवू नये. कुट्टी करून हिरवा चारा, पेंड व क्षार मिश्रण द्यावे.
३) विल्यानंतर खुराक हळूहळू वाढवावा. एकदम वाढविल्यास पोटात आम्लता होऊन खुरांना अपाय होतो.
४) गाय फार लठ्ठही करू नये. अशी गाय विल्यावर कमी खाते व झपाट्याने खंगते.
५) कोबा असल्यास बसण्यासाठी कोरडी, मऊ जागा करावी. वाढलेली खुरे जाणकाराकडून कापून घ्यावीत.

खुरकुत, चिखलाने सडलेले खूर किंवा रुतलेला खिळा यांमुळेही गाय लंगडते. म्हणून पाय उचलून पाहावा व पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. लंगडी झाली म्हणून गाय बाजारात नेण्यापूर्वी, विल्यापासून तिचे अंग किती उतरले ते आठवून पाहावे. तसे न केल्यास पुढची गाईही त्याच गोठ्यात लंगडेल.