अभ्यास पाठ : खंड परिक्रमा आखताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



कार्तिकी एकादशी जवळ आली की आपल्या गटांवर एकच विचारणा सुरू होते. यंदा मैयाच्या वाटेला कोण कोण निघणार? चातुर्मासात परिक्रमावासी एका जागी थांबतात, पुढे चालत नाहीत. त्यामुळे वाटा खऱ्या अर्थानं सुरू होतात त्या कार्तिकीनंतरच. आखणी मात्र त्याच्या दोन-तीन महिने आधी सुरू व्हावी लागते, म्हणून हा पाठ आत्ता.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही तट धरले तर पायी परिक्रमा २६०० किलोमीटरच्या वर जाते. शास्त्रोक्त परिक्रमेला ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस सांगितलेत. आजकाल सलग चालणारे पाच-सहा महिन्यांत करतात. आपल्यातल्या बहुतेकांना तेवढं घर सोडणं शक्य नाही. कोणाची नोकरी, कोणाचे सासू-सासरे, कोणाची नातवंडं. अशांसाठी खंड परिक्रमा आहे. एक टप्पा चालायचा, थांबायचं, आणि पुढच्या वर्षी जिथे थांबलो तिथूनच पुढे निघायचं.

खंड म्हणजे कमी प्रतीची परिक्रमा असं काहींना वाटतं. जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी १९७७ मध्ये पहिली पदयात्रा केली ती जबलपूर ते मंडला एवढीच. तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते. पुढे वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्यानं ते काठ चालत राहिले. नंतरच्या काही फेऱ्यांत त्यांच्या पत्नीही सोबत होत्या. नर्मदेवरची त्यांची पुस्तकं आज घरोघरी वाचली जातात.

*"मैया बघून घेते, मग आखणी कशाला?"*

हा प्रश्न दरवेळी येतो. मैया बघते यावर आपलीही श्रद्धा आहे. पण काठावर ती बघते कोणाच्या हातून? निमाडातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरातली बाई दिवसभर कापूस वेचून येते आणि दारात "नर्मदे हर" ऐकू आलं की पुन्हा चूल पेटवते. आपण अंधार पडल्यावर, न कळवता, बारा जण पोचलो तर ती नाही म्हणणार नाही. पण त्या रात्री आपली न केलेली आखणी तिला करावी लागते. सेवा घ्यावी, पण कोणावर भार होऊ नये, हे आपण माउलींकडून शिकलो आहोत. आखणी करायची ती याचसाठी. एवढं मनात पक्कं ठेवून पुढचे मुद्दे वाचावेत.

*१) टप्पा निवडणं*

पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी आम्ही ओंकारेश्वर ते खलघाट हा दक्षिण तटाचा टप्पा सुचवतो. नर्मदा कायम उजव्या हाताला ठेवायची, म्हणून दक्षिण तटावरून पश्चिमेकडे चालायचं. वाटेत मोरटक्का, रावेरखेडी, शिवलिंगं घडवणाऱ्यांचं बकावां, भट्ट्याण, लेपा, महेश्वरच्या समोरचं नावडातोडी अशी गावं लागतात. हा टप्पा निवडण्याचं कारण म्हणजे वस्ती जवळजवळ आहे, परिक्रमावासींची सवय असलेली गावं आहेत, आणि मध्येच थांबावं लागलं तर थोडं आत चालून डांबरी रस्ता मिळतो. शूलपाणीच्या झाडीसारखा डोंगराळ, विरळ वस्तीचा टप्पा पहिल्या खेपेला घेऊ नये.

रावेरखेडीला थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी त्यांचा देह तिथे पडला. तिथे अर्धा दिवस ठेवावा. नावडातोडीहून समोर अहिल्यादेवींचे महेश्वरचे घाट दिसतात. नाव लागलेली असते, पाच-दहा मिनिटांत पलीकडे जाता येईल. पण टप्पा चालू असताना पात्र ओलांडायचं नाही. समोर दिसतंय आणि जायचं नाही, हा त्या दिवसाचा अभ्यास.

*२) दिवसांचा हिशोब*

अंतर काठाकाठानं ९० ते १०० किलोमीटर धरावं. वाट कुठे शेताच्या बांधावरून, कुठे डांबरीवरून, कुठे वेदासारख्या उपनदीपाशी वळसा घेऊन जाते. (उपनद्या ओलांडायला हरकत नसते.) त्यामुळे फोनच्या नकाशात दिसेल त्यापेक्षा चालणं जास्तच होतं.

हिशोब गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेगानं करायचा. पन्नाशी-साठीच्या लोकांसाठी रोज १५ किलोमीटर पुरे. १०० भागिले १५ म्हणजे सात दिवस. त्यात एक दिवस विश्रांतीचा आणि एक राखीव. जाण्या-येण्याचे दोन धरले तर अकरा दिवस. सुट्टी आठच दिवसांची असेल तर रोजचे किलोमीटर वाढवू नयेत, टप्पा छोटा करावा.

मार्गशीर्ष ते माघ हा काळ चांगला. थंडी असते, उजाडायलाही उशीर होतो, तरी चालणं जमतं. चैत्रानंतर निमाडचं ऊन सोसत नाही. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती. त्या सुमारास घाटांवर फार गर्दी असते, मुक्काम मिळणं अवघड होतं.

*३) पूल ओलांडण्याचा प्रश्न*

टप्पा संपवून घरी जाताना नदी ओलांडली तर चालते का, हा प्रश्न इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या गटांना हमखास पडतो, कारण आपली घरं नर्मदेच्या उत्तरेला. गोवा, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींना दक्षिण तटाच्या टप्प्यात ही अडचण येत नाही. ते खंडव्याकडून येतात, दक्षिणेकडूनच परततात.

यावर दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, परिक्रमा पूर्ण होईपर्यंत ओलांडूच नये. खंड परिक्रमेतले बहुतेक लोक टप्पा संपला की तिथे पूजन करून मैयाची परवानगी घेतात, मग वाहनानं पूल ओलांडून घरी येतात आणि पुढच्या वेळी त्याच जागी उभे राहून सुरुवात करतात. ज्यांना पहिलं मत पटतं त्या उत्तरेकडच्या भक्तांनी उत्तर तटावरून, उदाहरणार्थ नेमावरहून पूर्वेकडे, पहिला टप्पा घ्यावा. तिथेही नर्मदा उजवीकडेच राहते. कोणतं मत धरायचं ते घरून ठरवून निघावं. खलघाटच्या पुलावर उभं राहून वाद नको.

*४) मुक्काम आणि भोजन*

एका तुकडीत चार-पाच जणच असावेत. जास्त असतील तर एका दिवसाच्या अंतरानं दोन तुकड्या कराव्यात. दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोचावं, म्हणजे आसन लावायला जागा दिसते, आणि बायकांना स्नानगृह-शौचालय कुठे आहे ते उजेडात कळतं.

काही आश्रमांत भोजनप्रसादी तयार मिळते, काही ठिकाणी सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा देतात. तो आपण शिजवायचा. म्हणून एक लहान पातेलं आणि काडेपेटी हवी. कुठे खिचडी मिळेल, कुठे नुसती भाकरी-मिरची. आवड-निवड घरी ठेवून यावी, पथ्य मात्र आधीच सांगावं. निघताना जागा झाडून द्यावी आणि दानपेटीत यथाशक्ती टाकावं.

*५) पाय आणि पाठ*

शरीराची तयारी किमान दहा आठवडे. रोज चार किलोमीटरपासून सुरू करून हळूहळू वाढवावं. शेवटच्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ, पिशवी पाठीवर घेऊन, १२ ते १५ किलोमीटर चालावं. एक दिवस चालणं सगळ्यांना जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखऱ्या पायानं पुन्हा निघता येतंय का, ते बघायचं असतं.

बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. बाभळीचा काटा पातळ चपलेच्या तळव्यातून आरपार येतो. पिशवीचं ओझं पाण्यासकट आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शात बसावं. दोन जोड कपडे, एक गरम, पांघरूण, ताट-वाटी, बॅटरी, दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, पट्ट्या, पूजेतली मैयाच्या जलाची लहान कुपी आणि ओळखपत्राच्या छायाप्रती. रोजची औषधं दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. मधुमेह असलेल्यांनी रोज संध्याकाळी तळपाय सोबतच्या माणसाला दाखवावेत. फोड आलेला कधीकधी स्वतःला कळतही नाही.

मुली-सुनांसाठी एक गोष्ट उघडपणे लिहितो. पाळी आली तर चालायचं की थांबायचं हे ज्या त्या घरच्या रीतीनं ठरवावं, पण राखीव दिवस त्यासाठीही धरलेला असावा. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून जवळ ठेवावेत आणि कचऱ्याची सोय असेल तिथेच टाकावेत. मैयाच्या काठी नाही.

*६) पाण्याशी वागणं*

ओंकारेश्वरला आणि त्याच्या वर धरणं आहेत. पाणी सोडलं की पात्र बघता बघता चढतं. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावास्येच्या स्नानाला जमलेल्या यात्रेकरूंवर असंच वरच्या धरणाचं पाणी आलं, आणि साठाहून जास्त माणसं गेली. म्हणून स्नान फक्त बांधलेल्या घाटावर आणि गावकऱ्यांना विचारून. भोंगा वाजला की कपडे-भांडी गोळा करत बसू नये, वर यावं. नर्मदेत मगरीही आहेत, निर्जन काठावर पाण्यात उतरू नये. साबण लावायचा असेल तर पाणी भांड्यात घेऊन काठापासून लांब.

*७) थांबण्याचा नियम*

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. पाय सुजलेला असतो, ताप आलेला असतो, तरी माणूस बोलत नाही. संकल्प मोडेल याची भीती असते, आणि आपल्यामुळे बाकीचे अडकतील याचा संकोच. अशा वेळी दुखणं अंगावर काढणाऱ्याचे हाल होतातच, शिवाय परक्या गावाला रात्री गाडी शोधत धावावं लागतं.

म्हणून संकल्प करतानाच शब्द नीट योजावेत. "या खेपेला मैया नेईल तिथपर्यंत" असा संकल्प केला तर थांबल्यानं तो मोडत नाही. तुकडीनं निघण्याआधी ठरवावं की कोणीही एकानं थांबतो म्हटलं तर त्याला आग्रह करायचा नाही, कारण विचारत बसायचं नाही, आणि एक जण त्याच्यासोबत परत येईल. तो एक जण कोण, हेही आधीच ठरलेलं असावं.

जिथे थांबलो ती जागा वहीत लिहावी. गाव, देऊळ किंवा घाट, तिथी, तारीख. आश्रमाचा शिक्का मिळाला तर घ्यावा, फोनवर फोटो आणि ठिकाण जपून ठेवावं. पुढच्या वर्षी "त्या वडाच्या जवळपास" असं चालत नाही. नेमकी तीच जागा हवी. खंड परिक्रमेचे तुकडे जोडले जातात ते तिथेच.

*८) घरी राहणाऱ्यांची परिक्रमा*

आपल्या गटांत नाव देणाऱ्यांत बायका जास्त, आणि शेवटच्या आठवड्यात नाव मागे घेणाऱ्यांतही बायकाच जास्त. कारण एकच, "माझ्यामागे घराचं कसं होईल?" अकरा दिवसांचे डबे, लोणची, याद्या करून थकलेली बाई पहिल्याच दिवशी मोरटक्क्याला बसकण मारते.

तेव्हा घराची आखणी चालणाऱ्या बाईवर टाकू नका. निघण्याच्या महिनाभर आधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावं. सासूबाईंच्या गोळ्या कोण देईल, दूधवाला, गॅस, मुलांची शाळा, देवपूजा, सगळ्यापुढे नाव लिहावं. मग एक आठवडा, ती घरात असतानाच, तसं करून बघावं. चालणाऱ्यानं संध्याकाळी एकदाच फोन करावा, आणि घरच्यांनीही "डाळीचा डबा कुठंय" विचारायला दिवसात पाच वेळा करू नये. जो माणूस अकरा दिवस आनंदानं घर सांभाळतो, त्याच्या सेवेवर ती पावलं पडत असतात. पुढच्या वर्षी त्याची पाळी.

*या आठवड्याचा कुटुंब-गट अभ्यास*

(अ) आपल्या घरातून यंदा कोण निघू शकतं, आणि त्यासाठी घरी कोण काय उचलेल? नावानिशी लिहा.
(आ) आपण रोज ज्यांची सेवा न सांगता घेतो अशी तीन माणसं कोणती? त्यांचा भार कुठे कमी करता येईल?
(इ) निघणाऱ्यांनी आजपासून चालायला सुरुवात करावी. किती चाललो ते रविवारी गटावर कळवावं. चार किलोमीटर असेल तर चारच लिहावं.

ज्यांना प्रवास शक्यच नाही त्यांनी रोज घराजवळच्या देवळाला जप करत प्रदक्षिणा घालाव्यात आणि निघणाऱ्या एका घराचं एक काम आपल्याकडे घ्यावं.

नर्मदे हर 🙏