सेकंदांचे शब्द

मोबाइलमधील आज्ञावली काळ सेकंदांत मोजते. परंतु ५,४६० सेकंद म्हणजे किती, हे वाचकास चटकन उमगत नाही. ते आपण सुबोध करू. या संख्येस ३,६०० ने भागिले असता १ तास येतो व १,८६० उरतात. बाकीस ६० ने भागिल्यास ३१ मिनिटे होतात, शेष शून्य. शून्य सेकंद लिहू नयेत. उत्तर : '१ तास ३१ मिनिटे'.

आता भाषा पाहू. मराठीत '१ मिनिट', पण '२ मिनिटे'. 'तास' मात्र बदलत नाही. आम्हा सुरतकरांच्या कानी रोज पडणाऱ्या गुजरातीत 'कलाक' व 'मिनिट' दोन्ही तसेच राहतात. यास्तव गणित एकच ठेवावे, शब्दरूपे मात्र प्रत्येक भाषेची निराळी राखावीत. हिशेब अचूक असूनही भाषा अशुद्ध असेल, तर वाचकाचा विश्वास बसत नाही.