आधी चार्जर काढ

अगं, आधी तो लॅपटॉप बंद कर बघू. पॉवरचं बटण दाबून धर आणि चार्जर काढ. काल रात्रीपासून किती वेळा चालू-बंद केलास ते मला सांगूच नकोस. प्रबंधाची प्रकरणं आणि बाळाचे फोटो त्यात अडकलेत, जीव टांगणीला लागणारच. पण एक ध्यानात घे, डिस्क बिघडली म्हणून माहिती त्याच क्षणी पुसली जात नाही. बहुतेक वेळा ती जागच्या जागी असते, वाचणारं यंत्र तेवढं दमलेलं असतं. माहिती खरी जाते ती नंतरच्या खटपटीत.

तुझा धाकटा दीर इंजिनीअरिंगला आहे, म्हणजे तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलाच असेल. त्याला गोड बोलून चहाला बसव. ‘भावजी, आत्ता नको’ एवढं म्हणायला लाजू नकोस. लॅपटॉप तुझा आहे, आणि त्यातलं काम चार वर्षांचं.

आता मला नीट आठवून सांग, सुरू केल्यावर गाडी कुठे अडते? कंपनीचं चिन्ह येऊन गोल-गोल फिरत राहतं, की निळा पडदा येतो? तसं असेल तर बरंच बरं म्हणायचं. पुष्कळदा विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडलेल्या असतात आणि तुझ्या फायली शेजारीच सुखरूप असतात. कॉम्प्युटर सुरू न होणं आणि डिस्क मरणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुकानदार मात्र सरसकट म्हणतो, ‘ताई, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा.’ तिथे मान डोलावायची नाही. तुझा डेस्कटॉप, तुझं डॉक्युमेंट्सचं फोल्डर, सगळं सी ड्राइव्हवर असतं, आणि ज्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं तिथलं जुनं कुणालाच परत आणता येत नाही.

त्याऐवजी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंचीला वेगळा अडॅप्टर लागतो; तो नसला की ती फिरतच नाही आणि लोक उगाच तिच्या नावानं रडतात. डिस्क काढायची नसेल तर पेन ड्राइव्हवरून उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम सुरू कर. तिथे ‘ट्राय’ निवडायचं. ‘इन्स्टॉल’ला चुकूनही हात लावायचा नाही. जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. चेकडिस्क चालवायचा मोहसुद्धा टाळ. तो डिस्कवर लिहून तिची घडी बसवायला बघतो, आणि आजारी डिस्कला ते सोसत नाही. मध्येच अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली तर दचकू नकोस, ते बिटलॉकर. नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा ते आपल्याला न विचारताच चालू असतं. किल्ली बहुधा तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडेल.

पण खट… खट… खट असा ठेक्यात आवाज येत असेल, तर यातलं काहीही करायचं नाही. आत चकत्या असतात, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या. वाचणारं हेड त्यांच्यावरून काही नॅनोमीटरचंच अंतर राखून तरंगतं. धुळीचा साधा कण त्याहून शेकडो पटींनी मोठा. ते हेड बिघडलं की जागा शोधत पुन्हा पुन्हा माघारी जातं, तोच हा आवाज. प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडा उठण्याची भीती. म्हणून डिस्कचं झाकण उघडायचं ते फक्त स्वच्छ हवेच्या खोलीत, कुणाच्या डायनिंग टेबलावर नाही. फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, बाई! सर्किटचा हिरवा बोर्ड दुसऱ्या डिस्कचा लावण्याची युक्ती जुन्या काळी चालून जायची. आता त्या बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्याच डिस्कची खास मापं साठवलेली असतात, नुसता बोर्ड बदलून भागत नाही.

धीर सोडू नकोस म्हणून एक सांगते. २००३ साली कोलंबिया यान कोसळलं, आपली कल्पना चावला होती ना, तेच. त्यातली ४०० एमबीची एक डिस्क काही महिन्यांनी अवशेषांत सापडली, जळालेली, धातूचा गोळा झालेली. अमेरिकेतल्या क्रोल ऑनट्रॅकच्या लोकांनी चकत्या साफ केल्या, दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि झेनॉन वायूच्या प्रयोगाची सुमारे ९९ टक्के माहिती वाचली. त्या प्रयोगाचा निबंध २००८ मध्ये छापूनही आला. त्याच ढिगाऱ्यातल्या आणखी दोन डिस्कमधून मात्र काहीच मिळालं नाही. तेव्हा नशीबही लागतं, हे खोटं कशाला बोलू?

तिसरा प्रकार मधला. डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला युगं लागतात. अशा डिस्कमधून एकेक फाइल ओढत बसायचं नसतं. आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढायची, त्यासाठी डीडीरेस्क्यू हे फुकटचं साधन आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी उचलतं, अडलेल्या जागा बाजूला ठेवतं आणि मग सावकाश त्यांच्याकडे वळतं; कुठवर आलं याची नोंदही ठेवतं. एक टीबीची डिस्क असेल तर प्रतीसाठी त्याहून मोठी घे. मग टेस्टडिस्क, फोटोरेक जे काय चालवायचं ते त्या प्रतीवर. फोटोरेक फोटो परत आणतो, पण नावं हरवतात. हजारो आकडेवाल्या फायलींतून बाळाचं बारसं शोधावं लागेल.

तुझी डिस्क एसएसडी, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेली, असली तर आवाज वगैरे काही नाही, ती बहुतेकदा एकदम दिसेनाशी होते. तिथे घरगुती उपाय जवळजवळ नाहीतच.

माहिती परत मिळवून देणाऱ्या लॅबमध्ये डिस्क द्यायची वेळ आली तर आधी एक यादी कर. गाइडच्या मेलमध्ये कोणती प्रकरणं गेली आहेत, सासूबाईंना व्हॉट्सअॅपवर कोणते फोटो पाठवलेस, फोनच्या गूगल फोटोजमध्ये काय आहे. अर्धंअधिक तिथेच निघेल, आणि उरलेल्यासाठी किती हजार घालवायचे ते तुला शांतपणे ठरवता येईल. पैसे काढायला भाग पाडणारी भीती त्या यादीनं बरीच उतरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात दिलीस तरी विचार, डिस्क इथेच उघडणार की पुढे पाठवणार? आधी प्रत काढणार का? तपासणीचे पैसे वेगळे का? हे सगळं लेखी घे, आणि पूर्ण रक्कम देण्याआधी मिळालेल्या फायलींची यादी बघ, दोन-चार उघडून बघ. आणि हो, त्यांना सगळंच दिसतं, तुझे खासगी फोटोसुद्धा. हे गृहीत धरूनच जागा निवड.

डिस्क वॉरंटीत असली तरी कंपनी नवीन डिस्क देते, माहिती नाही. शिवाय बदली घ्यायची तर जुनी त्यांच्या हवाली करावी लागते. म्हणून फायली हातात येईपर्यंत वॉरंटीचं नावही काढू नकोस. नंतरही जुनी डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नकोस, दिराला ड्रिल मशीन घेऊन बोलाव. तेव्हा त्याला काय हवं ते करू दे.